झाकणाखालचे दोन टिळे

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आजही एका जागी बसवत नाही. खुर्ची मागे सारतो आणि खोलीत येरझारा सुरू होतात. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "आले वाटतं तुमचे कॉम्प्युटरवाले." नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. ते सगळं वर्दीबरोबर कपाटात गेलं. ज्या गुन्ह्यात कुणाला साधं खरचटलंही नाही, तो तेवढा माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी धुळ्यात पोलीस निरीक्षक होतो. उन्हाळा होता, आणि धुळ्याचा उन्हाळा म्हणजे सकाळच्या हजेरीलाच शिपायांच्या पाठी ओल्या झालेल्या असायच्या. हजेरी आटोपून मी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आलो, तर समोर चाळिशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, पण डोळे तांबारलेले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याची कॉम्प्युटर जोडणीची कंपनी होती. सुटे भाग आणायचे, जोडायचे, आपल्या नावाचा शिक्का मारून विकायचे. हा शिकलेला इंजिनियर, व्यवहार पाहायचा. कारखाना पाहायचा मोठा भाऊ, ज्याला सगळे नाना म्हणत.

"साहेब, माझ्या कंपनीचा खून झालाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "आधी बसा. पाणी प्या. मग प्रेत कुठंय ते सांगा."

हकिकत अशी होती. धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयाने जिल्ह्यातल्या शाळांसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या शाळा त्यात होत्या. अशा खरेदीची एक रीत असते. ज्याला माल पुरवायचा असेल त्याने एक नमुना आधी कार्यालयात जमा करायचा. तो दोन्ही बाजूंच्या समोर कापडात शिवतात, वर लाखेची मोहोर मारतात आणि कोठीत ठेवतात. ठरल्या दिवशी समिती तो उघडून तपासते. या कंपनीचा भाव सगळ्यात कमी होता. काम तिलाच मिळणार हे कार्यालयातला पाणी भरणारा शिपाईसुद्धा सांगत होता. आणि नमुना उघडला तर आत जुनी, वापरलेली हार्ड डिस्क आणि निम्मीच मेमरी! समितीने कंपनी बाद केली. वर नोटीस दिली की सरकारला फसवल्याबद्दल तुम्हाला काळ्या यादीत का टाकू नये?

"मी स्वतः तपासून झाकण लावलं होतं," तो म्हणाला. "आत सगळा नवा माल होता. कोठीत कुणीतरी बदललाय. साहेब, काळ्या यादीत गेलो तर कुठलंच सरकारी खातं दारात उभं करणार नाही. आमच्यासारख्या कंपनीला दुकानातल्या गिऱ्हाइकावर मोठं होता येत नाही. एक सरकारी ऑर्डर मिळाली की बँक विचारते, पुढची ऑर्डर मिळते, नाव होतं. नाही मिळाली की आम्ही जन्मभर गल्लीतले दुरुस्तीवाले."

त्याचं म्हणणं मला पटलं. मुख्य म्हणजे गोष्ट सरळ दिसत होती. फिर्याद दाखल करून घेतली आणि पंच घेऊन कार्यालयात गेलो.

कोठीची चावी आणि पितळी मोहोर दोन्ही एकाच माणसाकडे असायच्या. तो स्टोअरकीपर निवृत्तीला आलेला, खेकसून बोलणारा. चावी आणि मोहोर करगोट्याला बांधून झोपतो अशी त्याची ख्याती होती. एक खडू मागितला तरी तो तीन प्रश्न विचारी. कार्यालयात त्याच्याबद्दल बरा शब्द बोलणारं कुणी नव्हतं. खात्याने त्याला निलंबित केलंच होतं. मोहोर शाबूत होती, म्हणजे ज्याच्याकडे मोहोर त्यानेच उघडून पुन्हा मारली, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. दुसऱ्या एका कंपनीने त्याला फितवलं, असं सगळे कुजबुजत होते.

पंचनाम्यासाठी मी मशीनचं झाकण उघडायला लावलं. आत जुनी डिस्क होती, धुळीची रेघ होती. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर कुंकवाचे दोन ठिपके होते, एकमेकांना चिकटून. पूजेबिजेचं असेल म्हणून मी नजर पुढे नेली. आपल्याकडे कढईपासून ट्रॅक्टरपर्यंत कशाला कुंकू लागत नाही?

चार दिवसांनी खबर आली. माझा एक खबऱ्या बसस्थानकामागे रसवंती चालवायचा. रस गाळता गाळता म्हणाला, "साहेब, तुमच्या स्टोअरकीपरचा भाचा शे ना, रिपेरिंगवाला, त्याच्याकडे नव्या डिस्का आल्यात." मी रस तसाच टाकून निघालो. भाच्याला ठाण्यात आणलं, मामालाही बोलावलं. मामाला मी दुपारभर उभं ठेवलं. तो कबूल तर होईनाच, उलट मलाच विचारी, "माझी मोहोर तुम्ही जप्त केली, तिची पावती कुठंय?" माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला तर चहाचा कप खाली गेला. म्हातारा वाकला, कपाचे तुकडे गोळा केले, टेबलावर ठेवले आणि पुन्हा म्हणाला, "पावती."

भाच्याच्या डिस्का घाऊक व्यापाऱ्याकडून रीतसर आणलेल्या निघाल्या. खबर खरी होती, तिचा आमच्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. खबरीचं असंच असतं. ती खोटी निघाली तर निदान सोडून देता येते. अर्धी खरी निघाली की माणसाला घुमवत ठेवते.

इकडे वरून फोन सुरू झाले. खरेदीची मुदत संपत आली होती. कार्यालय म्हणत होतं, निकाल लावा म्हणजे दुसऱ्या कंपनीला आदेश देता येईल. फिर्यादी म्हणत होता, स्टोअरकीपरला अटक दाखवा म्हणजे माझा नवा नमुना तपासतील. एका पुढाऱ्याचा माणूस येऊन सांगून गेला, म्हाताऱ्याला आत टाका, कुणी हरकत घेणार नाही. कुणी हरकत घेणार नाही, हेच मला खुपत होतं. तिरसट माणसावर संशय लवकर बसतो. पण माझा अनुभव असा की चोरी करायची तर आधी चार लोकांशी गोड राहावं लागतं, आणि हा बाबा कुणाशीच गोड नव्हता. झोप येईना, जेवण गोड लागेना. अटकेचे कागद तयार होते, सही होत नव्हती.

शेवटी एक दिवस उठलो आणि जीप जळगावला काढायला सांगितली. कशासाठी, ते हवालदारांना सांगता आलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. हायवेचं काम चाललेलं. पारोळा ओलांडेपर्यंत तोंडात माती गेली.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. लांब टेबलांवर पिंप्राळ्याकडच्या आठ-दहा बाया मशीन जोडत बसल्या होत्या. टेबलाच्या टोकाला नाना होते. साठीचे, पांढरा सदरा, टोपी, चष्म्याची दोरी गळ्यात. रेडिओ दुरुस्तीपासून या माणसाने सुरुवात केली होती. वडील लवकर गेले, धाकट्याला यांनीच वाढवलं, शिकवलं. स्वतःला मूलबाळ नाही. मला पाहून उठले, खुर्ची पुसून दिली, म्हणाले, "काय सायेब, सापडला का कुणी?"

"सापडेल," मी म्हणालो, आणि बसायचं सोडून शेडमध्ये फेऱ्या मारू लागलो.

नानांचं काम पाहण्यासारखं होतं. जोडून झालेलं मशीन त्यांच्यापुढे येई. ते चालू करून बघत, बंद करत, स्क्रूच्या डबीशेजारी ठेवलेल्या कुंकवाच्या डबीत करंगळी बुडवत, झाकणाच्या आतल्या बाजूला एक ठिपका देत आणि झाकण लावत. धाकटा भाऊ बाजूला उभा होता. जरा ओशाळून म्हणाला, "साहेब, नानांचं हे खूळ आहे. मी किती सांगितलं, कंपनी आहे, कुलदैवत नाही."

तेवढ्यात एका बाईने एक मशीन परत आणलं. आत एक वायर सुटली होती. नानांनी झाकण उघडलं, वायर बसवली, करंगळी बुडवली आणि आधीच्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका दिला.

मी जागीच थांबलो. "एकदा लावला होता ना? पुन्हा कशाला?"

नानांच्या आधी ती बाईच हसून बोलली, "नाना जितक्यांदा झाकण लावतीन तितक्यांदा टिळा. बिगर टिळ्याचं मशीन त्यांच्या हातून बंदच होत नही."

मी धाकट्याकडे वळलो. "नमुन्याचं मशीन किती वेळा बंद केलं होतं?"

"एकदाच," तो म्हणाला. "मी तपासलं, नानांनी टिळा लावून झाकण बसवलं, स्क्रू मी आवळले. त्याच संध्याकाळी मी मुंबईला बैठकीला गेलो. दुसऱ्या दिवशी नाना ते आमच्या गाडीतून धुळ्याला घेऊन गेले. समोर उभं राहून मोहोर मारून घेतली."

मी नानांकडे पाहिलं. ते रुमालाला करंगळी पुसत होते. रुमाल लाल झाला तरी पुसतच होते.

चोर डिस्क काढतो, मेमरी काढतो. चोर टिळा लावत नाही. ज्याने ते मशीन दुसऱ्यांदा बंद केलं, त्याच्या हाताला सवय होती, आणि ती सवय त्या घराबाहेर कुणाला नव्हती. मोहोर शाबूत का होती तेही उलगडलं. भाग बदलले गेले ते मोहोर बसण्याच्या आधी, याच टेबलावर. पण स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? का?

पोटच्या पोरासारखा भाऊ समोर असताना नाना तोंड उघडणार नव्हते. "नाना, उद्या जबाबाला धुळ्याला या," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते आले. धाकट्यानेच गाडीने आणलं, मी त्याला बाहेर बसवलं. नाना माझ्यासमोर टोपी मांडीवर ठेवून बसले. मी बसलो नाही. खिडकीपासून दारापर्यंत चाललो, परत आलो. आरडाओरडा करावा असा माणूस नव्हता, आणि खोटं बोलण्याइतका सराईतही नव्हता. अशा माणसाला प्रश्न विचारायचा नसतो, फक्त पुढे काय होणार ते सांगायचं असतं.

"नाना, आज मी स्टोअरकीपरला अटक करतोय," मी म्हणालो. "नोकरी जाईल. पेन्शनही जाईल. माणूस तिरसट आहे, रडायलाही कुणी येणार नाही."

नाना टोपीची कड चाचपत राहिले.

"झाकणाखाली दोन टिळे आहेत नाना."

त्यांनी पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरला. इतका वेळ माझ्याशी नीटनेटकं मराठी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीत उतरला. "त्याले सोडा सायेब. त्याना काही दोष नही शे. बठ्ठं मी करेल शे."

सगळं आपणच केलं, असं म्हणून ते सांगत गेले. त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये अशीच एक कॉम्प्युटरची कंपनी होती. तिला सरकारी ऑर्डर लागली. मालकाने माणसं वाढवली, दुसरी शेड घेतली, गल्लीतली गिऱ्हाइकं सोडून दिली. एका वर्षी वरून फर्मान आलं, शाळांना आता कॉम्प्युटर नको, टॅब द्यायचे, आणि तेही राज्याच्या पातळीवर एकत्र खरेदी होतील. "ठरवणाऱ्यांनी एका दुपारी ठरवलं," नाना म्हणाले. "चुकीचंही नसेल. पण याची शेड भरलेली होती. आज तो माणूस भुसावळला दुसऱ्याच्या दुकानात प्रिंटरला शाई भरतो सायेब. माझ्याशी डोळा भिडवत नाही. आणि आमचा पठ्ठ्या घर तारण ठेवायला निघाला होता. माझी सही मागितली, मी केली."

"सही केलीत आणि मग हे केलंत? त्याला नाही का म्हणाला नाहीत?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अडाणी बोललो. "त्याले मी आजलगून कधी नही म्हनेल नही शे."

या माणसाला वाटलं होतं की नमुना नापास होईल, ऑर्डर जाईल, धाकटा दोन दिवस फुरंगटेल आणि घर वाचेल. काळी यादी म्हणून काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. भाऊ फिर्याद देईल आणि तिसराच माणूस भरडला जाईल, हे तर स्वप्नातही नव्हतं. मला त्यांचा राग आला. मनातच गोठून राहिलेल्या मायेचा येतो तसा राग. एवढं प्रेम, आणि एक "नाही" तोंडातून निघू नये?

धाकट्याला आत घेतलं. नानांनी त्याला स्वतःच सांगितलं. तो आधी हसला. मग भिंतीला टेकला. "नाना, हाई काय करं तुम्हीन?" एवढंच म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज आता व्यवहाराचा झाला होता. "साहेब, दुसऱ्या टिळ्याचा अर्थ कुणाला कळलाय? तुम्हाला आणि आम्हाला. स्टोअरकीपरविरुद्ध पुरावा नाहीच, तो कोर्टात सुटेल. तोवर माझा नवा नमुना तपासला जाईल. तो माणूस सुटू शकतो साहेब. माझी कंपनी नाही सुटणार."

खोटं कशाला सांगू, त्याचं गणित बरोबर होतं. स्टोअरकीपर कधी ना कधी सुटला असता. कंपनी जगली असती, त्या बायांच्या टेबलावर काम राहिलं असतं. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मी काही बोलायच्या आत नाना उठले. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, त्याने खांदा काढून घेतला. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग माझ्या टेबलावरच्या पेनाकडे वळला.

"लिहा सायेब," नाना म्हणाले. "टिळा मन्हा शे, मन्हा हातना."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावाला "नाही" म्हटलं, तेही पोलीस ठाण्यात.

जबाब झाला. गुन्हा गैरसमजुतीतून नोंदला गेला असा 'क' समरी अहवाल मी न्यायालयाला पाठवला. स्टोअरकीपर कामावर परत गेला. त्याआधी ठाण्यात आला. मला वाटलं, आभार मानेल. त्याने मोहोर ताब्यात घेतली, उजेडात धरून तिच्यावर चरा पडलाय का ते पाहिलं, आणि माझ्याकडून फुटलेल्या कपाबद्दल एक शब्द न काढता निघून गेला. मला तो माणूस तेव्हा फार आवडला.

कंपनी काळ्या यादीत गेली. जबाबाच्या दिवशी नाना आले होते भावाच्या गाडीतून, परत गेले एस.टी.ने. मी जीपने सोडतो म्हणालो तर नको म्हणाले. धाकटा वेगळा झाला. शेड अर्धी भाड्याने गेली, टेबलावरच्या बाया पांगल्या. ज्या कंपनीला ती ऑर्डर मिळाली, तिचं पुढे काय झालं हे लोक मला विचारतात. तिचीही निम्मी ऑर्डर पुढे धोरण बदललं म्हणून रद्द झाली. पण म्हणून नाना खरे ठरले, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. धाकट्याला ती ऑर्डर मिळाली असती तर तो बुडालाच असता, कशावरून? कदाचित तरला असता. कदाचित आज त्याच्या नावाचे कॉम्प्युटर नाशिकपर्यंत गेले असते. ज्याला उडीच मारू दिली नाही, त्याला पोहता येत होतं की नाही हे कोण सांगणार? हेच मला बसू देत नाही.

आम्हा पोलिसांना एक शिकवण पक्की असते: गुन्ह्यात फायदा कुणाचा झाला ते बघा. इथे फायदा कुणाचाच नव्हता, म्हणून मी आठवडाभर अंधारात चाचपडलो. त्यानंतर मी तपासात आणखी एक प्रश्न विचारायला लागलो. कुणाला कशाची भीती होती? पुष्कळ कुलपं त्या प्रश्नाने उघडली.

निवृत्तीनंतर मी जळगावातच, पिंप्राळ्यात घर केलं. या आठवणी लिहायच्या म्हणून नानांच्याच उरलेल्या अर्ध्या शेडमधून एक कॉम्प्युटर जोडून घेतला. यंदा उन्हाळ्यात तो बंद पडला. शेजारच्या पोराने मला न विचारता स्कूटरवर घातला आणि चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवला. आणायला गेलो तर काउंटरमागे धाकटा. केस पांढरे झालेले. त्याने मला ओळखलं, बसा म्हणाला. बिघाड काढून झाला होता, झाकण तेवढं लावायचं होतं.

"कुणाकडून घेतला?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती. झाकणाच्या आत टिळा होता, सुकून काळपट झालेला.

"नानांकडून."

तो झाकण हातात घेऊन उभा राहिला. मग मागे वळला, लक्ष्मीच्या तसबिरीखालच्या वाटीत करंगळी बुडवली आणि त्या जुन्या टिळ्याला लागून एक नवा ठिपका दिला. झाकण बसवलं, स्क्रू आवळले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "नानांना सांगू नका साहेब."

"मी आता पोलीस नाही," मी म्हणालो. "जबाब देत नाही, घेत नाही."

मशीन रिक्षात ठेवलं. घर दोन गल्ल्या पुढे होतं. रिक्षावाल्याला म्हणालो, "औद्योगिक वसाहतीकडे घे."

नाना शेडमध्ये एकटेच बसले होते. मी कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नोकरीत शिकलेलं सगळं कसब पणाला लावून चेहरा सरळ ठेवला.

"नाना, जरा झाकण उघडून बघा," म्हणालो, "पंखा आवाज करतोय."